रानातल्या खुणा

बोगद्याचा कॅम्प, हिमाचल
६ जानेवारी २०२५

आणि वहिनी, वर तुमी म्हणता की शाळेतलं मला काय कळतं! सातवीत शाळा सोडली म्हणून माणसाला पुतणीचं बरं-वाईट कळत न्हाय, असं कुठल्या पुस्तकात लिवलंय? दिवाळीपास्नं हेच चाललंय. फोन केला की आधी तब्येत, मग राजीची शाळा, आणि मग तुमी रडता न्हायतर मी फोन ठेवतो. म्हणून आता कागद घेतला. कागद मधीच ठेवून देता येत न्हाय. शिवाय हितं बोगद्यात सुरुंग असत्यात, फोन बाहेर पेटीत टाकून आत जायचं. बाहेर आलं की रेंज फक्त चहाच्या टपरीपाशी, आणि तितं सगळा कॅम्प कान लावून बसलेला.

माझं म्हणणं पुन्हा लिवतो. पोर सात वर्षांची झाली तरी बोलत न्हाय, म्हणून तुमी तिला बहिरी ठरवून मोकळ्या झालात. मी पण उशिराच बोललो, आबांना विचारा. नंतर इतका बोललो की गुरुजींनी वर्गाबाहेर काढलं. ती माझ्यावर गेलीय, दुसरं काय न्हाय.

आणि पुरावा हाय माझ्याकडं. दादानं हिरीवरची मोटार चालू केली की घराच्या पाठीमागं मातीत खेळणारी राजी हातातलं टाकून पाटाकडं पळती. तोंड तिकडं नसतं, तरी पळती. मी सोता बघितलंय. ऐकू येत नसंल तर मोटारीचं तिला कोण सांगतं, हे मला तुमी सांगा. दुसरं काय लिवू नका, एवढंच सांगा.

आणि खरंच येत नसंल, तर मग तिला त्या शाळेत मागच्या बाकावर भिंत बघत बसवू नका. भिंत बघण्यात मी सात वर्षं घालवली, त्यातनं काय शिकतो माणूस ते मला ठावं हाय. सरळ पुण्याला बहिऱ्या पोरांच्या त्या मुक्कामी शाळेत घाला. खर्च माझा.

तुमचा उनाड दीर,
अविराज


पाटकरी मळा, ता. बारामती
२२ जानेवारी

अविभावजी,

तुमचं पाकीट आलं तेव्हा राजी दारातच होती. पोस्टमनच्या हातातून तिनंच घेतलं, उघडलं, आणि उलटंसुलटं करून बराच वेळ बघत बसली. तुमचा फोन येतो तेव्हा घरातले सगळे त्या डबीकडं तोंड करून हसतात, आणि ही एकेकाच्या तोंडाकडं बघत फिरते. कागद मात्र तिलाही बघता आला. म्हणून भांडायचं असेल तर यापुढं कागदावरच भांडा.

आता मोटारीचं. गेल्या आठवड्यात तिला बारामतीला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. कानाला हेडफोन लावले, डोक्याला तारा चिकटवल्या. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच येत नाही म्हणाले. आबा तिथंच डॉक्टरीणबाईंशी भांडले, अगदी तुमच्याच शब्दांत. "मोटार चालू झाली की पळत येते, तुमचं मशीन बिघडलंय." बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजोबा, एकदा तिला बाजेवर बसवून मोटार लावून बघा."

घरी आल्यावर तुमच्या दादांनी तेच केलं. राजीला अंगणात बाजेवर बसवलं, पाय वर घेऊन, हातात भुईमुगाच्या शेंगा दिल्या. मोटार लावली. ती शेंगा फोडत बसली. मग बंद केली, तिला खाली मातीत उभं केलं, अनवाणी, पाठ करून. मोटार लावल्याबरोबर शेंगा टाकून पळाली. भावजी, आपली पाइपलाइन अंगणाखालून गेलीय. तिला पायानं कळतं. इतकी वर्षं तिच्या पायांना जे कळत होतं ते आपण तिच्या कानांच्या नावावर मांडत होतो.

तुमचे दादा पाटाच्या कडेला बसले ते बसलेच. मोटार तशीच चालू. शेवटी मीच बंद केली.

शाळेचं सांगते. हेडसर वाईट नाहीत, पण दोन वर्ग एकटे सांभाळतात. म्हणतात, तिसरीला दुसरीकडं बघा, इथं तिचं नुकसान होतंय. जळोचीहून दर गुरुवारी स्कूटीवर अनिता मॅडम येतात, अशा मुलांसाठी नेमलेल्या विशेष शिक्षिका. त्या म्हणाल्या, "वहिनी, दोन हजार सोळाचा कायदा आहे. जवळच्या शाळेत शिकवायचं की खास शाळेत, हे तुम्ही ठरवायचं. तिला नको म्हणायचा हक्क शाळेला नाही." आणि म्हणाल्या, तिच्याशी हातानं बोला, हातांची पुरी भाषा असते.

पण घरात आबांचा कडक हुकूम आहे. हातवारे करायचे नाहीत, त्यानं जीभ आळसावते. अपंगाचं कार्डही काढायचं नाही, पुढं लग्नाला आडवं येतं. पोरगी शाळा सुटली की आबांच्या मागं रानात उसाला पाणी द्यायला दारं धरत हिंडते, संध्याकाळी घरात येऊन गप्प बसते. मी हात उचलला की आबा खाकरतात.

तुम्ही लांब आहात, बरं आहे.

तुमची वहिनी,

राजेश्वरी


बोगद्याचा कॅम्प
९ फेब्रुवारी

वहिनी,

पाय! मला चार दिवस दुसरं काय सुचंना. मग मी सोता करून बघितलं. कानात कापसाचे बोळे कोंबले, वरनं हेडफोनसारखं ते कानझाकण लावलं, आणि बूट काढून बोगद्यात उभा ऱ्हायलो. सुपरवायझर म्हणाला येडा झालास का. पण वहिनी, खरंच येतं! ड्रिल मशीन चाललं तर टाचेत मुंग्या येत्यात. डंपर आला तर गुडघ्यापर्यंत भरल्यासारखं वाटतं. मी चालवतो ते खोदायचं पोकलेन तर पोटात कळतं. मी डोळं झाकून वळखायला लागलो. दहातली निम्मी चुकली, राजी असती तर एक चुकली नसती.

आणि मग एक गोष्ट ध्यानात आली, ती ह्या कामावर लागल्यापास्नं रोज बघत हुतो तरी दिसली न्हवती. बोगद्याच्या आत आमी सगळेच बहिरे हाय. मशीनच्या आवाजात कानापाशी वरडलं तरी ऐकू येत न्हाय. माझ्या पुढं दगड बघायला झारखंडचा मंगरा असतो. त्याला मराठी येत न्हाय, मला त्याची बोली येत न्हाय. पण बारा तास आमी बोलतो. मूठ वर म्हणजे थांब. दोन बोटं फिरवली म्हणजे बकेट वळव. छातीवर हात आडवे म्हणजे जीव घेऊन मागं सर. काल त्यानं आडवे केले, मी मागं सरलो, आणि वरनं जे आलं ते बघून मी त्याला मिठी मारली. त्यानं हातानंच विचारलं, चहा कोण पाजणार?

तर जीभ आळसावत न्हाय, हे आबांना सांगा. मंगरा बाहेर आला की कुणाचं ऐकून घेत न्हाय इतका बोलतो.

आता मला राजीच्या खुणा सांगा. तिच्या मनानं तिनं काय काय खुणा केल्यात? आबांना काय करती? भाकरीला काय करती? मला काय खूण हाय? का मी तिला ठावंच न्हाय?

आणि आबांना एक इचारा, येड्याचा सवाल म्हणून. ती शाळा सुटली की त्यांच्यासंगं दारं धरती म्हणता. तिला ऐकू येत न्हाय, तर रानात आबा तिला पाण्याचं सांगत्यात कसं?

शाळेचं म्हणाल, तर माझं मत तेच. तिच्यासारखी पोरं जितं हायत तितं तिला जाऊ द्या. तुमच्या सगळ्यांच्यानं काय निर्णय हुत न्हाय, म्हणून मी एक काम करून टाकलंय. कळंलच.

अविराज


पाटकरी मळा
२ मार्च

अविराज,

आज भावजी म्हणवत नाही.

तुम्ही हेडसरांना फोन केलात. "दाखला देऊन टाका, पोरीला आम्ही पुण्याला घालतोय." त्यांनी आबांना बोलावून घेतलं, तुमच्या धाकट्या लेकाचा फोन होता म्हणाले, आणि आबांनी सही करून शाळा सोडल्याचा दाखला घरी आणला. मी कोऱ्हाळ्याच्या बाजारात होते. तुमचे दादा कारखान्यावर. येऊन बघते तर दाखला देवळीत, हळद-कुंकवाच्या शेजारी.

पुण्याच्या त्या शाळेत कुणी विचारलंय का? जागा आहे का, वय बसतं का, ती राहील का? तुम्ही ना शाळा पाहिलीत ना तिथलं एखादं माणूस. ती शाळा चांगलीही असेल. आम्ही आपण होऊन पाठवलं असतं तर ती शाळा झाली असती. असं ढकलणं म्हणजे पोतं गाडीत टाकणं झालं.

राजीला कळलेलं नाही. रोज सकाळी युनिफॉर्म घालून दारात उभी राहते. मी कसं सांगू? आबा खाकरायचं विसरलेत.

तुम्हाला तिच्या खुणा हव्या होत्या ना? लिहून घ्या. भाकरीला दोन्ही तळवे थापते. आबांना खांद्यावर टॉवेल टाकल्यासारखं करते. मला कपाळावर बोट, टिकलीचं. दादांना मिशी. शाळेला डोक्याच्या दोन्ही बाजूंना रिबीन बांधल्यासारखं.

आणि तुम्हाला खूण आहे. खांद्यावर पिशवी अडकवते आणि हात भिगवणच्या रस्त्याकडं लांब करते. तुम्ही सुरतेला निघालात तेव्हा, हैदराबादला निघालात तेव्हा, कच्छला, आता तिकडं, प्रत्येक वेळी भिगवण स्टेशनला पोचवायला ती दादांच्या मोटारसायकलवर पुढं बसून आली होती. तिनं तुमचं दुसरं काही पाहिलेलंच नाही.

काल तिनं देवळीतला दाखला काढला. त्यावर आपलं नाव ओळखलं. ते एक तिला लिहिता येतं. मग माझ्यासमोर उभी राहिली. खांद्यावर पिशवी, भिगवणकडं हात, आणि मग बोट स्वतःच्या छातीवर. भुवया वर. तिच्या भाषेत ते मला विचारणं होतं.

मी काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच कळवा.

तुमचा येड्याचा सवाल आबांना विचारला. म्हणाले, "सांगायचं काय त्यात? टॉवेल हालवतो की."

राजेश्वरी


बोगद्याचा कॅम्प
१४ मार्च

वहिनी,

"नाही" म्हणून सांगा. राजी अविराज होणार न्हाय. ह्याला कसली खूण करायची ती तुमी बघा, पण आजच सांगा.

तुमचं पत्र मंगऱ्याला वाचून दाखवलं. शब्द त्याला कळले न्हाईत, म्हणून मी पिशवी-भिगवण-छाती अशी खूण करून दाखवली. त्याला लगीच कळली. त्यालाही गावाकडं लेक हाय. तो उठून गेला.

हेडसरांना परत फोन लावला. म्हणाले, "एकदा दाखला निघाला की माझ्या हातात राहत नाही, पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी साहेबांना भेटा." मी म्हणलं, सर, मी मूर्खपणा केला, पोरीला शिक्षा कशाला? ते म्हणाले, "अविराज, तू माझ्याच वर्गात होतास. तुलाही मला काही पोचवता आलं नाही." मला वाटलं टोमणा मारला. पण नंतर वाटलं, तो माणूस खरंच कोड्यात पडलाय. दोन वर्गांना वरडून शिकवतो, आणि एक पोर अशी की वरडणं पोचतच न्हाय. मग काय पोचतं, हे त्याला कुणी दाखवलंय का?

तुमी अनिता मॅडमना घेऊन साहेबांकडं जा. कायदा त्यांना पाठ हाय. आबांना पण न्या. नको म्हणले तरी न्या. सही त्यांची हाय.

आणि वहिनी, मला आबांच्या उत्तराचं कोडं सुटंना. टॉवेल हालवतो म्हणजे कसं हालवतो? एकच एक, का पाणी आलं तर एक आणि दारं मोडून पाणी फुडच्या सरीत सोडायचं तर दुसरं? ऊस डोक्याच्या वर गेला की आबा त्या टोकाला आणि दादा व्हॉल्व्हपाशी, एकमेकांना दिसत न्हाईत. मग मधी बांधावर कोण असतं?

मी हितं बसून इचार करतो आणि मला हसू येतं. पण आधी तुमी बघा. मी ह्या खेपेला काय करून टाकत न्हाय.

अवि


पाटकरी मळा
२० एप्रिल

अविभावजी,

(परत भावजी म्हणते. कारण वाचाल.)

बारामतीला पंचायत समितीत गेलो. मी, तुमचे दादा, राजी, अनिता मॅडम, आणि तोंड फुगवून आबा. हेडसर आधीच आले होते. साहेबांनी ऐकून घेतलं. हेडसर म्हणाले, "साहेब, पोरगी गुणी आहे. पण मी सांगितलेलं तिच्यापर्यंत न्यायचं कसं? तिला काही सांगताच येत नाही."

मॅडम कायद्याचं कलम काढत होत्या, मला रडू येत होतं, आणि आबा खिडकीतून बाहेर बघत होते. राजी कंटाळून बाहेर बागेत गेली होती. तिथं माळ्यानं फुलझाडांना नळी लावून दिलेली, आणि माळी गायब. वाफा भरून पाणी फाटकाबाहेर चाललेलं. आबांना वाया जाणारं पाणी बघवतं का? खिडकीत उभे राहिले, खांद्यावरचा टॉवेल काढला, डोक्यावर धरला आणि खाली आपटल्यासारखा केला.

बागेच्या त्या टोकाला राजीला डोळ्याच्या कोपऱ्यातून टॉवेल दिसला, तिनं मान वळवली. तुरुतुरु पळत नळापाशी गेली, नळ बंद केला, आणि दोन्ही हात वर. झालं!

साहेब खुर्चीतून उठले. "आजोबा, काय सांगितलंत तिला?"

"काय न्हाय. दारं बंद कर म्हणलं."

"कशानं म्हणालात?"

आबांनी हातातल्या टॉवेलाकडं बघितलं. मग आमच्याकडं. तुमचे दादा म्हणाले, "आबा, घरात हात हालवायचा नाही म्हणता, आणि रानात?"

"रानातलं येगळं."

"वेगळं कसं?"

"ते बोलणं न्हाय. ते काम हाय."

भावजी, तुमच्या पत्रातला प्रश्न मी तिथंच विचारला. बांधावर मधी कोण असतं? मग आबाच एकेक सांगायला लागले, आधी कुरकुरत आणि मग रंगात येऊन. पाणी शेवटाला आलं तर असं. सरी फुटली तर असं. मोटार बंद करा तर असं. साप दिसला तर असं. भूक लागली तर असं. दादांना जे कळवायचं ते राजीकडून जातं, आणि दादांचं उत्तर ती आबांना आणते. दोन वर्षं आमचा ऊस तिच्या हातांवर भिजतोय. आणि घरात आल्यावर आम्ही तिचे हात बांधत होतो.

हेडसर म्हणाले, "मला दाखवा ती खूण." खिडकीत उभे राहिले, आबांसारखा हात वर करून खाली आणला. राजी बघत राहिली आणि हसायला लागली. सरांच्या खांद्यावर टॉवेल नव्हता. मग आबांनी आपला दिला. सरांनी चुकीचा हालवला असावा, कारण राजी सगळं सोडून पळत आत आली आणि टेबलाखाली वाकून बघायला लागली. सरांनी तिला साप दाखवला होता!

साहेबांनी दाखला रद्द केला. नाव पटावर परत चढलं. म्हणाले, कायद्यानं ते असं जायलाच नको होतं. पुढं मुक्कामी शाळेत घालावंसं वाटलं तर तो तुमचा हक्क, तो कुठं जात नाही. पण तिला दाखवून, तिथली मुलं भेटवून, मग.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. अनिता मॅडमना पुष्कळ गावं आहेत, त्या गुरुवारीच येणार. पूर्ण वेळचा विशेष शिक्षक कुणी नाही, मागणी लिहून दिलीय. कानाचं मशीन शिबिरात फुकट मिळणार म्हणतात, पण शिबिराची तारीख नाही. कार्डाचं आबांनी अजून "बघू" म्हटलंय. फोटो काढायला मात्र आले, आणि राजीच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. फोटोवाला म्हणाला, "आजोबा, बाजूला व्हा, एकटीचा लागतो." तर म्हणाले, "एकटीचा कशाला?"

हेडसर आता रोज परिपाठाला मुलांना एक खूण शिकवतात. शिकवते राजी, सर तिच्या शेजारी उभे राहतात. बारामतीला रविवारी आई-बापांना खुणांची खरी भाषा शिकवतात, मॅडमनी आमची नावं दिलीत. आबा म्हणाले, "तितं ऊस भिजवायचं शिकवत्यात का? न्हाय? मग त्यांनाच माझ्याकडं पाठवा." पण जायच्या दिवशी कपडे घालून आधी तयार तेच.

एकच राहिलं. राजी अजून कधीकधी ती खूण करते. पिशवी, भिगवण. पण आता बोट छातीवर नेत नाही. भुवया मात्र वर. तुमचं विचारते.

तुमची,
वहिनी


बोगद्याचा कॅम्प
६ मे

वहिनी,

साप! बोगद्यात सगळ्यांना सांगून झालं. आता हितं कुणी चुकीची खूण केली की मंगरा टेबलाखाली बघतो.

मला राजीला बरंच इचारायचं हाय. पायाखालनं टॅक्टर कळतो का, आणि ऊसतोडीचं मशीन? पाऊस कळतो का? कोण रागावून चालतंय आणि कोण हसत चालतंय, ते जमिनीतनं कळतं का? आबा झोपेत घोरतात ते कळत असणार, ते सगळ्या वस्तीला कळतं. आपल्या सगळ्यांस्नी कान असून आपण किती बाद हाय, हे मला मोजायचं हाय. पण हे कागदावर इचारता येत न्हाय. तिच्या समोर उभं ऱ्हाऊनच इचारावं लागंल, आणि त्यासाठी मला तिची बोली यायला पायजे. मंगऱ्याकडनं शिकलेलं तिला चालतंय का बघू. थांब ही एक तरी जगात सारखीच असावी.

माझी खूण बदला म्हणून तिला सांगू नका. ती बघितलं ते बोलती, खोटं न्हाय. पण त्या खुणेला दुसरी बाजू असंल का? पिशवी तीच, हात फक्त भिगवणकडनं घराकडं. एवढं तिला दाखवून ठेवा. का, ते सांगू नका. स्टेशनावर दादासंगं पुढं बसून येऊ दे, आणि बघू दे तिला सोताच्या डोळ्यांनी.

ह्या खेपेला रक्कम नेहमीपेक्षा कमी हाय, रुसू नका. रविवारच्या क्लासला जायचं भाडं त्यातनं काढा. आणि आबांना एक भगवा टॉवेल घ्या, उसाच्या हिरव्यात लांबनं दिसंल असा. हेडसरांना पण एक घ्या. कानाच्या मशीनला मी पैसं धरलं न्हाईत, ते सरकारकडनं मिळायचं हाय, तितं आपला हक्क सोडू नका. बाकीचे माझ्याकडंच ठेवलेत, कारण त्यातनं भिगवणपर्यंतचं तिकीट काढलंय. ते वजा जाता पाठवतोय, रुपये पाच हजार दोनशे.

अवि